तुळशीच्या अर्कातली चांदी

प्रश्न: मुलीने कॉलेजात तुळशीच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण (डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण) केले. सासूबाईंच्या पायाच्या जखमेवर लावू का? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: ताई, लावू नका. मुलीचं मात्र मनापासून कौतुक! मीही वाशीत प्रयोगशाळेत हे केलंय. सिल्व्हर नायट्रेट या चांदीच्या क्षाराच्या पाण्यात फिकट पिवळा अर्क सोडला, की हळूहळू कोऱ्या चहासारखा तपकिरी रंग चढतो. पानांतली पॉलिफेनॉल्स नावाची रसायनं चांदीच्या आयनांना (विद्युतभारित अणूंना) इलेक्ट्रॉन देतात आणि त्यांतून चांदीचे कण बनतात, शिवाय तयार कणांना वेढून गुठळी होऊ देत नाहीत. हे कण जंतू मारतात, खरंय. पण बाटलीत उरलेलं सिल्व्हर नायट्रेट कातडी काळी करतं, जाळतंही. माझ्या बोटांवरचे डाग कितीतरी दिवस गेले नव्हते. सासूबाईंना मधुमेह असेल तर आजच डॉक्टर गाठा. गरज पडली तर ते चांदीचं निर्जंतुक ड्रेसिंग देतील.