पावसात कळा सुरू झाल्या तर?

प्रश्न: आमचं गाव गुहागर तालुक्यात, वाडी डोंगरावर. वहिनीला सातवा लागलाय, तारीख जुलैतली. भाऊ मुंबईला, घरी मी आणि आई. जवळच्या सरकारी दवाखान्यात सिझर होत नाही म्हणतात, मग करायचं काय?

उत्तर: ताई, जुलैची वाट बघू नका, तयारी आत्ताच करा. आधी आशाताईंना घरी बोलवा, तारीख, रक्तगट, हिमोग्लोबिन सगळं कार्डावर लिहून घ्या आणि सिझर कुठे होतं, रक्त कुठे मिळतं हे त्यांनाच नीट विचारा, कारण ऐनवेळी फोनाफोनी करत बसलं की तास जातात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, ती चुकवू नका. डेरवणच्या वालावलकर हॉस्पिटलचंही गावागावांत काम आहे, तिथेही चौकशी करा. १०२ नंबरवर बोलावलेली रुग्णवाहिकेची गाडी फुकट असते, सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण हेही फुकट, २०११ पासून तशी योजनाच आहे, त्यामुळे पैशाच्या भीतीने घरात थांबू नका.

पण गाडी वाडीपर्यंत येईलच असं नाही ना, म्हणून डांबरी रस्त्यापर्यंत कोण नेणार ते शेजाऱ्यांशी आजच बोलून ठेवा, आणि शेवटचे आठ-दहा दिवस तिला हॉस्पिटलजवळच्या नातेवाइकांकडे ठेवता आलं तर माझ्या मते सगळ्यात उत्तम.

डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळ होऊ दे म्हणू नका, लगेच १०८ लावा.