"मॅडम, आतले टाके उसवणार तर नाहीत ना?"

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाल्यानंतर माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी माणसे निरनिराळ्या घरांतली असतात, पण प्रश्न बहुधा एकच घेऊन येतात. "गाडी कधी चालवू? व्यायाम कधी सुरू करू? आतले टाके उसवणार तर नाहीत ना?" गंमत अशी, की यांतल्या बहुतेकांना सर्जननी उत्तर आधीच दिलेले असते आणि ते डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलेही असते. उत्तर हातात असूनही माणूस तोच प्रश्न विचारत राहतो, तेव्हा त्याला दुसरेच काही हवे असते. ते काय, हे एका ताईंनी मला फार स्पष्टपणे दाखवले. ओळख पटू नये म्हणून त्यांचे तपशील बदलले आहेत.

ताई शाळेत गणित शिकवतात; वय 46, राहायला पुण्यात सहकारनगरला. 116 किलो वजन, जोडीला मधुमेह आणि गुडघेदुखी, म्हणून त्यांनी स्लीव्ह शस्त्रक्रिया करून घेतली होती. यात दुर्बिणीतून जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात, उरलेल्याची अरुंद नळी ठेवतात आणि कापलेली कड धातूच्या बारीक पिनांनी बंद करतात; हेच ते आतले टाके. तिसऱ्या आठवड्यात सर्जननी गाडी चालवायला परवानगी दिली. ताई माझ्याकडे आल्या तेव्हा अकरावा आठवडा चालू होता, वजन 21 किलोंनी उतरले होते, साखर आटोक्यात होती, आणि गाडी मात्र घराखाली कव्हर घालून उभी होती. यजमान त्यांना शाळेत सोडत, घ्यायला जात. चालणे म्हणाल तर दिवाणखाना ते स्वयंपाकघर.

"सर्जन म्हणाले, सहसा काही होत नाही. सहसा म्हणजे काय, मॅडम? माझ्याच बाबतीत झालं तर?"

"मग त्यांनी काय म्हणायला हवं होतं?"

"काहीही होणार नाही, असं लिहून द्यायला हवं होतं."

"ऑपरेशनआधी अठरा वर्षं तुम्ही गाडी चालवलीत. तेव्हा कोणी लिहून दिलं होतं?"

ताई हसल्या, पण ते हसू कसनुसे होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीत माझी घडण झाली असल्यामुळे मी कोणाच्या बालपणात फार खोल शिरत नाही. माणूस आज स्वतःला काय बजावतो आहे, ते ऐकते. काही वाईट होऊ नये, ही इच्छा झाली. काही वाईट होणारच नाही याची हमी मला मिळालीच पाहिजे, हा हट्ट झाला. इच्छेने माणूस जपून गाडी चालवतो, हट्टाने गाडीवर कव्हर घालतो.

पुढच्या भेटीत मी विचारले, "मधल्या काळात सर्दी वगैरे झाली होती का?"

"झाली होती की. चांगली आठवडाभर."

"शिंका किती आल्या असतील?"

"त्या काय मोजल्यात? पन्नास तरी."

"शिंकेनं पोटावर जो दाब येतो, तो गाडीत बसून क्लच दाबताना येणाऱ्या दाबापेक्षा पुष्कळ जास्त असतो. तुम्ही गणिताच्या बाई आहात, हिशेब तुम्हीच मांडा."

ताई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पिनांची परीक्षा माझ्या नकळत होऊनही गेली."

इथे काम संपले असे मला वाटले होते, आणि तिथेच माझे चुकले. पुढच्या आठवड्यात ताई आल्या त्या यजमानांच्याच गाडीतून. "पटतंय सगळं, पण पाय उचलत नाही." तेव्हा मी त्यांना एक छोटे काम दिले. गाडी चालवायची नाही, किल्लीही फिरवायची नाही. फक्त आपल्या जागेवर बसायचे, बेल्ट लावायचा आणि दहा मिनिटांत मनात जे येईल ते वहीत उतरवायचे.

वही कोरीच परत आली. "बेल्ट लागला, मॅडम. खट् असा आवाज आला आणि वर हातभर पट्टा शिल्लक राहिला." पूर्वी तो जेमतेम लागे आणि श्वास कोंडे, म्हणून पोलीस उभा असलेला चौक आला की त्या पट्टा नुसता हाताने छातीवर धरून ठेवत आणि चौक ओलांडला की सोडून देत. आता तो सहज लागला, आणि ताई गाडीत बसून रडल्या.

"आनंदानं?"

"नाही." मग हळू आवाजात, "आता मी लोकांना काय कारण सांगणार?"

हे वाक्य ऐकून मी पेन खाली ठेवले. गेली वीस वर्षे सिंहगडाची सहल असो, शाळेच्या क्रीडामहोत्सवातली धावपळ असो की नणंदेकडच्या लग्नातला नाच असो, "माझं वजन बघता..." एवढे म्हटले की पुढे कोणी विचारत नसे. वजन त्यांना छळत होते हे खरे, पण तेच त्यांची ढालही होते. शस्त्रक्रियेने ढाल काढून घेतली आणि तिच्या जागी त्यांनी टाके आणून बसवले.

"ताई, टाके केव्हाच भरलेत. तुम्ही रजेचा अर्ज तेवढा नव्या कारणासह पाठवताय."

हे वाक्य मी ठरवून आणलेले नव्हते. नेमके वाक्य नेमक्या वेळी सुचण्याचा योग या व्यवसायात फार थोड्या वेळा येतो, आणि तो त्या दिवशी आला याचे समाधान मी लपवत नाही. यात आळसाचा भाग नव्हता, हेही सांगायला हवे. नाही म्हणायला ज्या बाईला आजवर आजाराचाच आधार घ्यावा लागला, तिला नुसते "मला नको आहे" म्हणायची सवय नव्हती. त्यानंतरच्या दोन भेटी आम्ही गाडीवर नव्हे, तर कारण न देता नकार देण्यावर घालवल्या.

असेच घाबरलेल्या इतरांसाठी आता थोडे व्यवहाराचे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण एक-दोन आठवड्यांनी गाडी चालवायची परवानगी मिळते, पण कितवा दिवस आहे यापेक्षा शरीर काय करू शकते हे पाहावे. गुंगी आणणाऱ्या वेदनाशामक गोळ्या चालू असताना गाडीला हात लावू नये. उभ्या गाडीत बसून ब्रेक एकदम जोरात दाबून पाहावा, कमरेतून वळून मागे बघावे. पोटात कळ आली तर अजून थांबावे. बेल्ट पोटावर टोचत असेल तर टॉवेलची मऊ घडी ठेवावी, पण बेल्ट लावल्याशिवाय निघू नये. दुचाकीची घाई चारचाकीपेक्षाही कमी करावी, कारण खड्ड्यांचा धक्का आणि डबल स्टँडला गाडी चढवताना लागणारा जोर सरळ पोटावर येतो. आणि मधुमेहींनी एक गोष्ट विसरूच नये. शस्त्रक्रियेनंतर खाणे एकदम घटते, त्यामुळे इन्सुलिनचे किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्यांचे जुने प्रमाण जड ठरून गाडी चालवतानाच साखर खाली जाऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तसेच. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्टिअरिंगवर बसू नये.

चालणे तर रुग्णालयातच सुरू होते, कारण पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत यासाठी ते औषधाइतकेच महत्त्वाचे असते. घरी आल्यावर दहा-दहा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. महिन्याभरात सलग अर्ध्या तासापर्यंत. पहिले चार ते सहा आठवडे पाच किलोंहून जड काही उचलू नये, त्यात पाण्याची भरलेली बादली आणि हट्ट करणारे नातवंडही आले. वजने उचलणे आणि पोटाचे व्यायाम सहा ते आठ आठवड्यांनंतर, सर्जनच्या संमतीने. ते टाळू मात्र नयेत, कारण वजन झपाट्याने उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. पाणी घोट-घोटच प्यायचे असल्यामुळे व्यायामाआधी घाईने बाटली रिकामी करण्याची सोय उरत नाही, दिवसभर पीत राहावे लागते. ताप, छातीत सतत धडधड, वाढती पोटदुखी, धाप किंवा पोटरीला सूज ही भीतीची लक्षणे समजून माझ्याकडे येऊ नये. तडक रुग्णालय गाठावे.

ताईंनी पहिल्या दिवशी सोसायटीला एक फेरी मारली, नवव्या दिवशी स्वारगेटच्या चौकातून शाळा गाठली. सकाळी त्या तळजाई टेकडीवर जातात. पर्वती एकदा चढल्या आणि आवडली नाही म्हणून पुन्हा गेल्या नाहीत. कारण विचारले तर सांगितले नाही, आणि त्याचा मला फार आनंद झाला. शेवटच्या भेटीला गाडी चालवत त्याच आल्या. परत निघताना मी खिडकीतून पाहिले, तर डावीकडच्या सीटवर यजमान नसलेल्या ब्रेकवर पाय रोवून बसले होते. ताईंनी गाडी सुरू केली नाही, यजमानांनी बेल्ट लावेपर्यंत.