आधी मत देता येतं, पण सगळ्यांना नाही

तुमचे प्रश्न दोन. ८८ वर्षांच्या सासऱ्यांना जिना उतरवत नाही आणि तुम्हाला मतदानाच्या दिवशी कामासाठी बंगळुरूला जावं लागतंय, तर दोघांना आधी मत देता येईल का? सासऱ्यांना येईल, तुम्हाला नाही.

अमेरिकेत बऱ्याच राज्यांत कोणीही आधीच जाऊन मत देऊन येतो. आपल्याकडे टपाली मत, म्हणजे केंद्रावर न जाता आधी दिलेलं मत, ठरावीक लोकांनाच मिळतं, जसे सैन्यातले, निवडणूक ड्युटीवरचे, ८५ च्या वरचे आणि किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला असलेले. बाहेरगावी असणं हे कारण त्यात बसत नाही.

सासऱ्यांसाठी 'नमुना १२ ड' भरायचा. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचला पाहिजे, आणि इथेच माणसं चुकतात. आम्हीही चुकलो. मे २०२४ च्या लोकसभेला आम्हाला हा फॉर्म कळला तेव्हा मुदत उलटून गेली होती. कळव्यात आमची इमारत बिनलिफ्टची, घर तिसऱ्या मजल्यावर. आजीचं मत राहिलं ते राहिलंच. ती दिवसभर खिडकीत बसून होती, कोणाशी बोलली नाही.

विधानसभेला २२ ऑक्टोबरला अधिसूचना निघाली आणि त्याच आठवड्यात आम्ही बीएलओंकडे (आपल्या मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे) फॉर्म दिला. आधी कळवून पथक घरी आलं: मतदान अधिकारी, पोलीस, व्हिडिओ काढणारा. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. आजीने चष्मा पुसला आणि आम्हाला सगळ्यांना स्वयंपाकघरात पाठवलं. मतपत्रिका आतल्या पाकिटात, ते पाकीट आणि सही केलेलं घोषणापत्र बाहेरच्या पाकिटात. डिंक तिने स्वतः लावला, दोनदा दाबून बघितलं.

एक लक्षात ठेवा. फॉर्म मंजूर झाला की यादीत नावापुढे 'पीबी' (पोस्टल बॅलट, म्हणजे टपाली मत) अशी खूण होते आणि मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. पथक आलं तेव्हा माणूस घरी नसेल तर ते आणखी एकदा येतं, पुढे नाही. त्या दिवसांत सासऱ्यांची डॉक्टरची अपॉइंटमेंट घेऊ नका.

हे लोकसभा-विधानसभेचं झालं. महापालिकेची निवडणूक वेगळा आयोग घेतो, तिथे हेच नियम धरून चालू नका.

आणि तुमचं म्हणाल तर साहेबांशी आजच बोला. मतदानाच्या दिवशी मतदाराला भरपगारी सुट्टी द्यावी असं लोकप्रतिनिधित्व कायद्यातच आहे, कलम १३५ ब. बंगळुरूचं काम एक दिवस पुढे ढकला आणि सकाळी सातला रांगेत उभे राहा.