सहकाऱ्याच्या वर्गात जाऊन बसल्याने आपलं शिकवणं खरंच सुधारतं का?

सुधारतं, आणि फार सुधारतं. पण निरीक्षणाचा तक्ता घेऊन जाणार असाल, फळ्याचा वापर, आवाज, शैक्षणिक साहित्य यांना दहापैकी गुण देणार असाल, आणि तेही तुमच्याहून ज्येष्ठ बाईंच्या वर्गात, तर त्यातून काही हाती लागणार नाही. बाई त्या दिवसापुरता खास पाठ घेतील, तुम्ही संकोचाने नऊ गुण द्याल आणि कागद फायलीला लागेल. मुख्याध्यापकांना तक्ता हवाच असेल तर तो वेगळा भरून द्या. तुमची स्वतःची वही त्यापासून लांब ठेवा.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कुलात गणित शिकवतो. दुसऱ्याच्या वर्गात बसताना मी शिक्षकाकडे जवळजवळ पाहतच नाही, मुलांकडे पाहतो. बी.एड.च्या सराव पाठांनी आपल्याला मागच्या बाकावर बसायची सवय लावली आहे. तिथून दिसतात मुलांच्या पाठी. त्याऐवजी फळ्याच्या बाजूच्या कोपऱ्यात, खिडकीशी खुर्ची घ्या. चेहरे दिसतात, कोण लिहून खोडतंय ते दिसतं, कोणाचे ओठ हलले आणि हात मात्र वर गेला नाही तेही दिसतं. शिकवता शिकवता हे टिपणं अवघड असतं, कारण आपलं लक्ष पुढच्या वाक्यात गुंतलेलं असतं.

आमच्याकडची एक अडचण तुम्हालाही ओळखीची असेल. चौथीपर्यंत मराठी प्राथमिक शाळेत शिकलेलं मूल पाचवीत येतं आणि एकदम सगळे विषय इंग्रजीतून सुरू होतात. घरी बोलणं कोकणीत. पाचवीचा वर्ग म्हणूनच गप्प असतो. आमच्या विज्ञानाच्या बाईंच्या तासाला मी बसलो होतो. त्यांनी थंड पाण्याचा स्टीलचा पेला टेबलावर ठेवला आणि बाहेरून थेंब का जमले ते विचारलं. उत्तर लगेच मागितलं नाही. शेजाऱ्याशी हव्या त्या भाषेत बोला म्हणाल्या. माझ्याजवळच्या बाकावरचा एक मुलगा, माझ्या तासाला तोंड न उघडणारा, शेजाऱ्याला म्हणाला, ‘गिलासाक बुराक ना मगे, मागीर उदक खंयच्यान आयलें?’ पेल्याला भोक नाही, मग पाणी आलं कुठून! पाण्याचं मूळ हवेत शोधायला लावणारा नेमका प्रश्न त्याने स्वतःच काढला होता. नंतर बाईंनी फळ्यावर चार इंग्रजी शब्द लिहून दिले आणि त्याच मुलाने मोडकंतोडकं का होईना, वाक्य उभं केलं. पुढे अपूर्णांक शिकवताना मी हेच केलं, आधी कोकणीत जोडीने बोलणं आणि मग इंग्रजीत मांडणी. गणितातही ते चालतं.

दुसरी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे प्रश्न विचारल्यानंतरची शांतता. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा शिक्षक उत्तरासाठी सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं. तीन सेकंद किंवा त्याहून जास्त थांबल्यावर उत्तरं लांब झाली, गप्प राहणारी मुलं कमी झाली. सहकाऱ्याच्या वर्गात मनातल्या मनात आकडे मोजून बघा. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या तासाला ते आकडे आपोआप आठवतात. वर्गात कोण काय बोलतंय याची दर तीन सेकंदांनी नोंद करण्याची फ्लँडर्स या संशोधकाची पद्धत तुम्ही बी.एड.ला शिकला असाल. ती संपूर्ण वापरायची गरज नाही, पण कोण किती बोलतं एवढं टिपलं तरी पुष्कळ कळतं.

जाताना आपला एकच प्रश्न घेऊन जा. ‘वजाबाकीत हातचा चुकल्यावर या बाई काय करतात?’ इतका नेमका असू द्या. वहीत शेरे नकोत, ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी लिहा. बाईंशी त्याच दिवशी, मधल्या सुट्टीत बोला, आणि सुरुवात त्यांनी विचारपूर्वक केलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल विचारून करा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवतं. आपण ते तास बहुधा सभागृहात बसून पुरे करतो. मला विचाराल तर त्यातले निम्मे तरी शेजारच्या वर्गात जावेत. जपानमध्ये शिक्षक मिळून पाठ आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे उभे राहून मुलांच्या नोंदी घेतात, आणि ही रीत तिथे शंभरहून अधिक वर्षं चालत आली आहे. एकशिक्षकी शाळा असेल तर जवळच्या गावातल्या शाळेशी जोडी लावा.

आणि ज्येष्ठ बाई नकोच म्हणाल्या तर त्यांच्या वर्गाचा आग्रह सोडा. आधी त्यांनाच तुमच्या तासाला बोलवा आणि म्हणा, ‘बाई, शेवटच्या दोन बाकांवरची मुलं काय करतात ते मला फळ्याकडून दिसत नाही, तेवढं बघून सांगाल का?’