वाडीतली बंद पडलेली शाळा कधी सुरू झाली, हे कुठे कळेल?

आधी जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या दाखल्यांची नोंदवही, शोधा. शाळा बंद झाली की दप्तर सहसा जवळच्या शाळेत किंवा केंद्रशाळेत जातं. तिथे नसेल तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. पहिल्या पानावरची पहिली दाखल तारीख म्हणजे जवळपास शाळेचा जन्मदाखलाच. मात्र रजिस्टर क्रमांक १ आहे ना, ते बघा. पावसाळी ओलीने अन् वाळवीने पहिलंच रजिस्टर आधी जातं, आणि लोक दुसऱ्यालाच पहिलं समजतात.

जिल्हा परिषदा १९६२च्या; शाळा त्याआधीची असेल तर लोकल बोर्डाच्या, म्हणजे जिल्हा परिषदेआधीच्या स्थानिक मंडळाच्या, कागदांत शोधा. वाडी सिंधुदुर्गात असेल, तर तो जिल्हा रत्नागिरीतून १९८१ला वेगळा झाला, म्हणून जुने कागद रत्नागिरीतही विचारा. शाळेचं जांभ्याचं जोतं शिल्लक असेल तर त्या जागेचा सातबारा आणि जुने फेरफार काढा.