मामांची लायका, ५० की ३५?

प्रश्न (नौपाडा, ठाणे): ताई, माझ्या मामांची लायका एम ३ (जुना फिल्मचा कॅमेरा) माझ्याकडे आलीय. नुसती बॉडी, कारण लेन्सला बुरशी लागून ती पार गेली. मला जांभळी नाक्याचं मार्केट, तलावपाळी, दिवाळी पहाट असले फोटो काढायचेत. मित्र म्हणतो स्ट्रीटसाठी, म्हणजे रस्त्यावरच्या फोटोंसाठी, ३५ मिलिमीटरची जरा रुंद दिसणारी लेन्सच घे, दुकानदार म्हणाले ५० ची. मला चष्मा आहे. आणि फिल्म कुठली, कलर की ब्लॅक अँड व्हाइट?

उत्तर: ५० घ्या. मित्राचं म्हणणं चुकीचं नाही, फक्त ते तुमच्या कॅमेऱ्याला लागू होत नाही. एसएलआरमध्ये (आरसा असलेल्या, लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्यात) लेन्स बदलली की आत दिसणारं चित्रच बदलतं, पण तुमच्या एम ३ सारख्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघतच नाही, शेजारच्या खिडकीतून बघतो आणि त्या खिडकीत लेन्सप्रमाणे फक्त चौकट बदलते. एम ३ मध्ये चौकटी आहेत ५०, ९० आणि १३५ च्या. ३५ ची नाहीच, ती पुढे एम २ मध्ये आली. म्हणजे ३५ लावलीत तर एकतर वर वेगळा फाइंडर (बघायची खिडकी) बसवायचा, फोकस एका खिडकीतून आणि चौकट दुसऱ्या खिडकीतून, नाहीतर पुढे चष्म्यासारखी काच लावलेली जुनी ३५ शोधायची, जी जड असते. जांभळी नाक्याला हातगाडी, रिक्षा, पिशव्या घेतलेल्या बायका सगळं एकाच वेळी अंगावर येत असताना हे दोन खिडक्यांचं जमत नाही हो.

आणि ५० साठी तर १९५४ ला आलेल्या या कॅमेऱ्यासारखा फाइंडर आजही शोधून सापडत नाही. मॅग्निफिकेशन ०.९१, म्हणजे जवळजवळ डोळ्याला दिसतं तेवढंच मोठं, त्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून बघता येतं आणि चौकटीत शिरायच्या आधीच माणूस येताना दिसतो. चष्म्यातून चारही कोपरे एकदम दिसले नाहीत तर डोळा जरासा हलवावा लागेल, त्याची सवय होते. आयपीसची कड धातूची असते आणि चष्म्यावर ओरखडे पडतात, तिथे रबराची पातळ रिंग चिकटवा. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी जन्मभर बहुतेक काम ५० वरच केलं, गर्दीत ५० चालत नाही असं कोणी म्हटलं तर हे लक्षात असू द्या.

लायकाचीच ५० ची समिक्रॉन लेन्स मिळाली तर सोनं, पण महाग. बजेट कमी असेल तर जुनी स्क्रू माउंटची (आट्यांवर फिरवून बसणारी) कॅननची ५० एफ १.८ बघा (एफ म्हणजे लेन्सच्या भोकाचं, अ‍ॅपर्चरचं माप, आकडा लहान तितकं भोक मोठं), १ मिलिमीटर जाडीची अडॅप्टर रिंग लावली की एम ३ वर बसते. घेताना मात्र मोबाइलचा टॉर्च मागून मारून आत धुरकटपणा आहे का ते बघाच, या लेन्सची तीच खोड आहे. रशियन ज्युपिटर ८ स्वस्त मिळते पण लायकावर जवळच्या अंतराला, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला तिचा फोकस बरेचदा हुकतो, म्हणून पहिली लेन्स म्हणून मी ती सुचवणार नाही. आणि नवी लेन्स मामांच्या चामडी केसमध्ये ठेवू नका!! चामडं ओल धरतं, आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशीला तेवढं पुरतं. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल, आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरायची.

आता फिल्म. ४०० आयएसओची (फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) ब्लॅक अँड व्हाइट, एचपी ५ प्लस किंवा ट्राय-एक्स, दोन्हींपैकी जी मिळेल ती, पण पहिले दहा रोल तीच. या कॅमेऱ्यात प्रकाश मोजायचा मीटर नाही. कडक उन्हात एफ १६ आणि शटर १/५०० सेकंद एवढं पाठ करा, ढग आले की एफ ८ किंवा ५.६, दिवाळी पहाटेला कंदील आणि दुकानांच्या दिव्यांत एफ २ आणि १/६० पासून सुरुवात करा. एकच फिल्म राहिली की उजेड बघून हात आपोआप रिंगवर जातो. शंका आली तर थोडा जास्त प्रकाश द्या, निगेटिव्ह फिल्म ते सांभाळून घेते, कमी पडला तर सावलीत काहीच उरत नाही.

ब्लॅक अँड व्हाइट म्हणायचं दुसरं कारण म्हणजे ती घरी धुता येते आणि चूक त्याच संध्याकाळी कळते. कलरला रसायनांचं तापमान ३८ डिग्री सांभाळत बसावं लागतं. ब्लॅक अँड व्हाइटला उलटी अडचण आहे, डेव्हलपरचे (फिल्म धुवायच्या रसायनाचे) तक्ते २० डिग्रीचे आणि मे महिन्यात ठाण्यातलं नळाचं पाणी ३० च्या आसपास. तसंच वापरलं तर वेळ पाच मिनिटांच्या खाली येतो आणि फिल्म एकसारखी धुतली जात नाही. टबात बर्फ घालून त्यात बाटल्या ठेवा (बर्फ डेव्हलपरमध्ये नाही, बाहेर). पाडव्याच्या स्वागतयात्रेला मात्र कलर भरा, त्या नऊवाऱ्या आणि भगवे फेटे काळेपांढरे करायला माझं मन होत नाही.

दोन गोष्टी विसरू नका. रोल भरल्यावर फिल्म पुढे सरकवताना रिवाइंड नॉबवरचे लाल ठिपके फिरतायत का बघा, फिरत नसतील तर फिल्म आत पकडलीच गेलेली नाही आणि ३६ फोटो हवेत जाणार. आणि यात आरसा नसतो, शटर कापडी, त्यामुळे दुपारी तलावपाळीवर बसताना लेन्सचं तोंड सूर्याकडे ठेवलंत तर कापडाला भोक पडू शकतं. झाकण लावा, पण काढायची आठवण ठेवा, कारण झाकण असलं तरी खिडकीतून सगळं छान दिसतच राहतं.

प्रश्न (ऐरोली): खाडीतले फ्लेमिंगो टिपायला माझ्या रेंजफाइंडरला १३५ घेऊ का?

उत्तर: नको. १३५ ची चौकट फाइंडरच्या मध्यभागी एवढुशी दिसते, फोकस नेमका बसत नाही, आणि बोटीतूनसुद्धा पक्षी ठिपक्याएवढेच येतील. त्याच पैशात एखादी जुनी एसएलआर आणि ३०० ची लेन्स बघा. रेंजफाइंडर बोटीवरच्या माणसांसाठी न्या, पक्ष्यांकडे बोट दाखवणारी पोरं त्यात फार सुंदर येतात.