पहिली गाडी बघताय? आधी डिकी उघडा

शोरूममध्ये बोनेटकडे बघत बसू नका, सरळ मागे जा. डिकीबरोबर काचही वर गेली तर हॅचबॅक. काच जागेवर राहून नुसतं झाकण उघडलं तर सेडान. स्विफ्ट आणि डिझायर शेजारी उभ्या असतील तर लगेच कळेल.

नवशिके हमखास फसतात ते इथे:

- उंच दिसली की दणकट एसयूव्ही समजतात. बहुतेक छोट्या ‘एसयूव्ही’ फक्त पुढच्या चाकांवर चालतात. शेतातल्या चिखलात जायचं असेल तर फोर बाय फोर (इंजिनाची ताकद चारही चाकांना) आहे का, ते स्पष्ट विचारा.
- एमपीव्हीच्या, म्हणजे तीन रांगांच्या मोठ्या फॅमिली गाडीच्या, सात सीट मोजतात, तिसऱ्या रांगेत बसून मात्र बघत नाहीत. अर्टिगात तिन्ही रांगा भरल्या की सामानाला फारशी जागा उरत नाही.

मोनोकॉक, लॅडर फ्रेम वगैरे गाडीच्या सांगाड्याचे प्रकार सध्या राहू द्या. आजी-आजोबांना सोबत न्या. त्यांना चढता-उतरता येतंय ना, बघा.